तूलीतला दीर्घ ऊ

औलूत जानेवारीत दहाला उजाडतं.
त्याआधीच ती येऊन बसलेली असतात:
काटरीच्या मांडीवर ओइवा, वय चौदा महिने,
कानांमागे दोन निळी बटणं.
उजवं तो मोज्यासारखं ओढून काढतो
आणि तोंडात घालतो.
मी पुसते, परत लावते. चुंबक टक् करून बसतं.

खोली स्पंजानं मढवलेली.
इथे टाचणी पडली तर एकटी पडल्यासारखी वाटते.
काटरीच्या कानांवर मी हेडफोन चढवते,
त्यात जुना टँगो, मोठ्यानं.
काचेमागे माझ्याही कानांवर तोच.
नियमच आहे तसा. आईला शब्द कळला
की तिची मांडी बोलून जाते,
श्वास अडतो, गुडघा हलतो,
आणि पोर कानानं नाही, मांडीनं ऐकतं.
म्हणून इथे आम्ही दोघी ठार बहिऱ्या,
आणि ऐकायचं काम
ज्याच्या कागदावर 'ऐकू येत नाही' असा शिक्का आहे त्याच्याकडे.

स्पीकर म्हणत असणार: तुली तुली तुली तुली.
ऱ्हस्व. म्हणजे आग. म्हणजे 'आला'सुद्धा.
मग मध्येच कधीतरी: तूली.
दीर्घ. म्हणजे वारा.
मागून कुणी पिशव्या घेऊन येत असेल
तर आपण दार जितका वेळ धरून ठेवतो,
तेवढाच फरक.

तूली त्याच्या बहिणीचंही नाव. सहा वर्षांची,
पुढचे दोन दात पडलेले.
कुणी तिला हाक मारतंय
की सौनाची आग पेटली म्हणून सांगतंय,
हे त्याला कळावं, एवढंच या घराचं मागणं.

जन्मला तेव्हा शांत पोर म्हणून कौतुक झालं होतं.
बाप ओत्सो बर्फ लोटायचं यंत्र चालवतो.
पहाटे चारला स्वतःच्याच गल्लीत पातं टेकवायचा,
अख्खी गल्ली शिव्या घालत उठायची,
ओइवा गाढ.
"पोटातनंच सवय आहे त्याला," ओत्सो सांगायचा.
आता सांगत नाही.

सातव्या महिन्यात बाकीची पोरं बाबाबा करतात.
ओइवाची बोटं करायची ते:
मूठ उघड, मीट, उघड, अंगठा हनुवटीला,
पुन्हा मूठ.
काटरी संध्याकाळच्या वर्गात खुणा शिकत होती,
चुकांसकट घरी आणत होती.
त्या बोटांना अर्थ नव्हता, लय होती.
माझ्या तक्त्यात 'बडबड' असा रकाना आहे,
पण त्यात हात बसत नव्हते.
मी समासात लिहिलं.

पहिल्या खेपेला तो काचेतून
माझ्या ओठांकडेच बघत राहिला.
दुसऱ्या खेपेला सारखा वळत सुटला,
कधीतरी पेटी उघडेलच, असल्या हिशेबानं.
(उगाच वळलं तर पेटी उघडत नाही.
काळ्या काचेत स्वतःचंच तोंड दिसतं.
तेही त्याला आवडलं.)

आज तो बोट चोखत बसलाय.
मग चोखणं थांबतं.
बोट तोंडातच.
मान डावीकडे.
मी बटण दाबते. दिवा लागतो,
लोकरीचा ससा ढोल बडवू लागतो,
टँगोपायी मला तोही ऐकू येत नाही.

दहापैकी सहा.
नाणं उडवलं तरी पाच येतात,
हे मी काटरीला सांगते, सांगावंच लागतं.
"सहा," ती म्हणते,
आणि त्याच्यासमोर सहा बोटं धरते.
तो सहावं बोट पकडतो.

बाहेर ओत्सो बूट आपटून बर्फ झाडतोय.
तूली एकाच हातमोज्यानिशी
पार्किंगकडे पळालेली.
काटरी दारातून हाक मारते, तूऊऊली,
माझ्या टेपेवरच्यापेक्षा तिप्पट लांब,
कुठल्याच मोजमापात न बसणारा ऊ.

ओइवा वळला.
हेडफोन मी केव्हाच काढले होते.
पण दार उघडं होतं,
आणि गार वारा सरळ त्याच्या गालावर आला.

समासात लिहिलं.