गंजासाठी दोन मिलिमीटर

वार्काउसच्या कारखान्यात, फेब्रुवारीत,
तीन नंबरच्या शेडमध्ये ती आडवी पडली होती:
माझ्या हिशेबातली टाकी.
तोवर आमची ओळख कागदावरचीच.
व्यास सोळाशे, दाब चौदा बार,
वेल्डिंगच्या सांध्यावर भरवसा शंभरात पंच्याऐंशी.
पूर्ण भरवसा ठेवायचा
तर सांध्याच्या इंचाइंचाचा एक्स-रे काढावा लागतो;
तेवढे पैसे गिऱ्हाइकाकडे नव्हते.

भागाकाराचं उत्तर आलं सात पूर्णांक आठ.
आउने केत्तुनेन खांद्यावरून वाकून म्हणाली,
त्यात दोन मिलिमीटर गंजाचे धर.
अजून गंज कुठेय, मी विचारलं.
येणार आहे ना, ती म्हणाली.
पाहुण्याचं पान आधी मांडून ठेवतात.

पत्रा बाराचा मिळतो. बारा घेतला.

पण चालताना हिच्या पोटात बारा बारच असणार,
मग चौदा कशाला?
आउनेनं कॉफी ढवळली. साखर न घालताच ढवळते ती.
कारण झडप अडकते.
कारण बॉयलरवाल्याला पहाटे डुलकी लागते.
रोजचा दिवस बाराचा असतो, ओस्सी,
आपण आखायचा तो वाईट दिवस.
आणि चौदाच्या उंबऱ्यावर सेफ्टी व्हॉल्व्ह बसवायचा,
कुणालाही न विचारता दार उघडणारा.

चाचणी वीसला.
हवेनं नाही, पाण्यानं.
पाणी फुटून बाहेर आलं की ओलं करतं आणि विसरतं.
दाबलेली हवा डूख धरते.

वेइक्को पोल्लानेननं तळ्याच्या पाइपातून टाकी भरली.
आउनेनं हातमोजा काढला,
टाकीच्या कुशीवर तळवा ठेवला,
आजारी वासराला लावावा तसा.
चार अंश, ती म्हणाली. आज नाही.

अंगणात ट्रक घुरघुरत उभा.
मॅनेजर लाउकानेननं आधी घड्याळ दाखवलं,
मग करारातलं दंडाचं कलम.
ती म्हणाली, ऊब असली की पोलाद ताणतं,
आधी वाकतं, कण्हतं, वेळ देतं.
गारठलेलं पोलाद एकदम तडकतं.
कलम त्याला वाचून दाखव हवं तर.

रात्रभर वाफेचे होज लावले.

आम्ही सौनात गेलो.
वेइक्कोनं तापल्या दगडांवर सॉसेज ठेवलं,
आणि ते फुगलं, चकाकलं,
उभ्या लांबीनं फाटलं.
बघितलंस? असंच फाटतं, आडवं कधीच नाही.
गोलाईतला ताण लांबीतल्या ताणाच्या दुप्पट:
हे सिद्ध करायला मला दोन पानं लागली होती.
तो मोहरी लावून खाऊन मोकळा झाला.

सकाळी पाणी सतरा अंश.
दहा. चौदा. अठरा.
वीसला काटा थांबला, आणि आम्हीही.
नॉझलच्या बगलेत एक थेंब.

वेइक्कोच्या हातचा सांधा होता तो.
कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही.
आउनेनं फडक्यानं थेंब टिपला,
कोरड्या जागी खडू चोळला,
आणि स्टूल ओढून समोर बसली.
अर्धा तास खडू पांढराच राहिला.
मग तिनं वर पाहिलं:
वाफेनं छपरातलं दंव सुटलं होतं, टपकत होतं.
वेइक्को बाहेर जाऊन
बराच वेळ बर्फ झाडत राहिला, झाडायला नव्हता तरी.

पाटीवर त्यानंच आकडा ठोकला.
चौदा. रोजचा बारा नाही, सोसलेला वीसही नाही.

नऊ वर्षांनी कागदगिरणीतून तपासणीचं पत्र आलं:
जाडी अकरा पूर्णांक चार.
आउने निवृत्त होऊन आता मधमाश्या पाळते.
मी फोन करून आकडा सांगितला.
तिकडून बराच वेळ फक्त गुणगुण ऐकू आली.
मग म्हणाली,
सावकाश जेवतोय. जेवू दे.