अडतीस टक्के

पारोळा रोडवर उसाच्या ट्रॉलीला मागे दिवा नव्हता,
मोटरसायकल सरळ आत गेली,
हे मी तिसऱ्यांदा सांगितलं.
विम्याचे वकील म्हणाले, चालता येतं ना?
येतं.
मग?

अमळनेर कोर्टातला पंखा खडखडतो.
बेअरिंग गेलंय. मी वायरमन,
नुसतं ऐकून कळतं.

सर्टिफिकेटवर पाय अडतीस टक्के गेलेला.
उरलेला बासष्ट टक्के
खांबाच्या पहिल्या टप्प्यालाच थांबतो.

वय चौतीस, गुणक सोळा.
देवरे वकील आकडा मांडतात
पेट्रोलच्या पावतीमागे.

बाहेर लिंबाखाली मंजुळा डबा सोडते,
कळण्याची भाकर, ठेचा.
"आते काय?"
तारीख.

खिडकीतून अजून येतोय तो आवाज.
दहा मिनिटांचं काम आहे.
शिडी लागेल.