रेंजची टेकडी

मैकोनाच्या पुढे नऊ किलोमीटरवर
काळ्या दगडांची एक टेकडी आहे.
तिला गब्रा लोकांचं जुनं नाव होतं म्हणे,
आता सगळे रेंजची टेकडी म्हणतात.
मोटारसायकल खाली आडवी करून
मी चढतो, गुडघा धरत,
पवित्र शास्त्र डिकीतच राहतं
पंक्चरच्या सामानाशेजारी.
मोशे चढला तेव्हा वर ढग होता.
इथे चार वर्षांत ढग नाही.

वर आधीच पाच-सहा जण.
एक पोरगी फोन आभाळाकडे धरून उभी,
पंगतीत ताट पुढे करावं तशी.
म्हातारा गुयो उकिडवा बसलाय, काठी मांडीवर.
वाटलं, उंटाचे पैसे आले का बघत असेल.
कुणी कुणाशी बोलत नाही.
माझ्या उपदेशात एवढी शांतता
मला एकदाही मिळालेली नाही.

मग खिसा थरथरतो.
अकरा निरोप, एकदम.
सोळा दिवसांचा साठलेला तुझा आवाज, कारिमी.

पहिल्यात तू शेळी विकलीस.
दुसऱ्यात छपराचा पत्रा.
तिसऱ्यात नुसता कोंबडा आरवतो,
बटण चुकून दाबलं गेलं असणार;
तो मी दोनदा ऐकला.
चौथा तुटला, 'औषध घेताय ना' इथवर.
पाचव्यात केंडी नैरोबीच्या रस्त्यावर,
पिठावरच्या कराविरुद्ध, पुठ्ठ्याचा फलक घेऊन,
अक्षर तुझ्यासारखंच तिरकं, म्हणालीस.
सहाव्यात तू फक्त 'धूर' म्हणतेस.
सातव्यात प्रार्थना करतेस
आणि मध्येच उठून पातेलं उतरवतेस.
आठवा उघडत नाही.
गोल फिरतोय. फिरतोच आहे.

नववा ऐकता आला असता.
माझी हिंमत झाली नाही.

गेल्या रविवारी बाभळीखाली
मी हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितली,
तेव्हा याच गुयोने विचारलं होतं,
'आणि ती नव्व्याण्णव? कुणाच्या भरवशावर सोडली?'
लोक हसले. मीही.
कृपेबद्दल काहीतरी बोलून वेळ मारून नेली.
आज तो गोल फिरताना मोजतो आहे:
एकतीस वर्षांत दोनशे चौदा जणांचा बाप्तिस्मा
या हातांनी केला,
केंडीचा दुसऱ्याच कुणी,
मी तेव्हा चाल्बीच्या वाळूत
चाक उकरत होतो.
कॉलेजात गेल्यावर तिने चर्च सोडलं
तेही मला तुझ्याच निरोपातून कळलं,
कांद्याच्या भावानंतर.

'इथे उभे राहा,' गुयो म्हणाला,
आपला दगड त्याने मला दिला.
एक दांडी आली. मग दुसरी.
'बाबा, मी घरी आहे. कपाळाला तीन टाके.
काल ट्रकवर चढून बोलले, अगदी तुमच्यासारखी,
हातसुद्धा तसेच हलवले.
देवाचं नाव मात्र घेतलं नाही.
आमचे नऊ जण अजून ठाण्यात आहेत.
हे त्याला सांगायचं तर सांगा.'

मी खाली बसलो. बराच वेळ.
गुयोला म्हटलं, माझी मुलगी त्या मोर्च्यात होती.
तो आपल्या काळ्या पडद्याकडे बघत राहिला.
'माझा एलेमा पोलिसात आहे,' म्हणाला,
'त्यांनी त्याला तिकडेच नेलं, ढाल देऊन.
तेव्हापासून काही नाही.'

ट्रान्झिस्टरवर कुणीतरी बातम्या लावल्या.
राजधानीत शांतता प्रस्थापित, म्हणे.
पोरीने तो बंद करायला लावला.

गुयोचा माझ्या प्रभूवर विश्वास नाही,
तरी काठी बाजूला ठेवून तो म्हणाला, 'कर काय ते.'
मी डोळे मिटले.
केंडी, म्हटलं. एलेमा, म्हटलं.
एरवी तासभर बोलणारा मी,
पुढे शब्दच नव्हता.
'आमेन' आधी गुयोच म्हणाला,
चुकीच्या जागी, की बरोबर, ठाऊक नाही.

उरलेले तीन निरोप मी ऐकले नाहीत.
रात्री कलाचाला मुक्काम आहे.
एक आज रात्री, एक उद्या, एक परवा.
खाली आलो तर मागचं चाक
पुन्हा बसलेलं.