छपराचा प्रकार

पाचपावलीमागच्या गल्लीत दुपारचे पावणेदोन.
नवतपा लागून तिसरा दिवस.
छपराचा प्रकार: सिमेंट, कवेलू, टिन, ताडपत्री, इतर.
मी बंदूक रोखली टिनावर,
तापमानाची बंदूक, पांढरी, प्लास्टिकची,
तरी एक पोरगं ड्रमाआड लपलं.
एकसष्ट.
आकडा परत घेतला. बासष्ट.

तेवढ्यात टॅबलेटच विझला.
काळ्या काचेवर एवढंच: यंत्र तापले आहे, थंड होऊ द्या.
पर्वताबाई नंदनवार हसल्या,
"त्याले तरी सांगता येते, बाप्पा,"
अन् माझ्या हातून घेऊन त्यांनी तो
माठाच्या ओल्या फडक्याला टेकवून ठेवला
आजारी लेकरासारखा.

मग प्रश्न कागदावर.
कूलर आहे? "हाय न. घासही नवी भरली.
पाणी कुठून टाकू? नळ येते पहाटचा, करंगळीएवढा."
वय? "माग बंद पडले तवा पन्नास होती."
रात्री झोप लागते का?
यावर त्या नुसत्या वर बघत राहिल्या.
टिन एकदा तडकन वाजलं.

घरात उष्माघाताने कुणी दगावले? होय, नाही.
"दाखल्यावर हृदय लिहिलं हाय.
दोन वाजता गेले. इथंच.
आंग असं तापलं होतं, हात ठेववत नव्हता."
मी पेन्सिल कुठल्याच चौकटीवर टेकवली नाही.

निघताना उंबऱ्याबाहेर पाय थबकला.
गल्लीच्या सिमेंटवर विटकरीच्या रेघा, तिरप्या, जवळजवळ.
पोरांचा खेळ?
"नाही जी, माही बाज.
हे नऊची रेघ. हे साडेदहाची. हे बाराची.
सावली सरकते, तशी बाज सरकवतो मी.
चारनंतर तिकडून येते. समोरच्यानं परवानगीबिगर माळा चढवला.
लोकं तक्रार करून राहिले. मी नाही केली."
अन् बारा ते चार?
तिथं रेघ नव्हती. कोरं सिमेंट,
माझ्या चपलेतून वर चढणारं.

नकाशा जुलैत आला, सिव्हिल लाइन्सच्या थंड खोलीत.
तीस मीटरचा एकेक चौकोन.
पर्वताबाईंच्या चौकोनात
शाळेचे दोन कडुनिंब आले होते.
त्यांची सावली भिंतीपलीकडे पडते,
सुट्टीत कुलूप लावलेल्या मैदानात.
टिन अधिक कडुनिंब, भागिले दोन.
रंग पिवळा. जोखीम मध्यम.

शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं होतं:
बारा ते चार रेघ नाही.
साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला.
"ही कसली रेघ? हिला कोड काय?"
कोड नाही, म्हटलं,
आणि खुर्ची जराशी बाजूला सरकवली,
एसीचा झोत थेट मानेवर येत होता.