चाचणी क्रमांक एकेचाळीस

गड्डीगोदामला रुळांमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये
बारापात्रे मास्तर एक इंजिन काढत होते.
काढत होते म्हणजे कागदावर. शाई मी भरायची.
वय एकोणीस, आयटीआयची ड्राफ्ट्समन;
त्यातलं मन तेवढं माझं, असं धरून चालले होते.

ट्रकचं डिझेल सगळ्यांनीच ऐकलेलं,
हिवाळ्यात साऱ्या गल्लीला उठवून मग स्वतः उठणारं.
मास्तरांना ते कारमध्ये हवं होतं,
निम्म्या वजनाचं,
आणि मागच्या सीटवरच्या माणसाला
आपण कशाच्या मागे बसलोय
ते कळू नये असं.

"पाय पोरी, पेट्रोलले ठिणगी लागते.
याले नाई लागत. हवा अशी दाबाची
का तिचं तिलेच सहन नाई झालं पायजे."
एकास एकवीस. मी आकडा लिहिला
आणि घरी जाताना बसमध्ये
उगाच श्वास कोंडून पाहिला.

सगळा घोळ त्या खोलीचा होता.
सिलिंडरच्या माथ्यावर सुपारीएवढी पोकळी:
डिझेल आधी तिथे फवारायचं, तिथेच पेटू द्यायचं,
मग अरुंद गळ्यातून जाळ खाली सोडायचा,
म्हणजे पिस्टनला घण बसणार नाही,
कुणी खांद्याला धरून सरकवल्यासारखं वाटेल.
त्या गळ्याचा कोन मी अकरा वेळा बदलला.
ब्लेडने खरवडून खरवडून ट्रेसिंगचं कापड
तिथे इतकं विरलं की पलीकडचा दिवा दिसायचा.

पंपाचा दट्ट्या इतवारीत नेला,
हकीमुद्दीन घड्याळजींकडे. डोळ्याला भिंग लावून
त्यांनी तो नळीत सोडला. तो पडला नाही.
हवेवर टेकत, टेकत उतरला.
म्हणाले, इतकी तंगी माझ्या घड्याळातपण नाही.
पैसे घेतले नाहीत.
फक्त आणखी एकदा सोडून पाहिला.

ग्लो प्लग बसवले ते डिसेंबरसाठी.
मे महिन्यात त्यांना कुणी विचारलंच नाही,
शेडच लालबुंद.

गॅस्केट उडाली. एक क्रँक मधोमध तडकला,
त्या दिवशी मास्तर जेवले नाहीत, बोललेही नाहीत.
मग एकदा सगळं जुळलं,
पण बोनेटवर कडेवर उभं केलेलं चाराण्याचं नाणं
काही केल्या उभं राहीना.

एकेचाळिसावी चाचणी पहाटेची.
मेयोच्या फाटकाशी सिस्टर शकुन रंगारी
ड्यूटी संपवून उभी. कामठीला सोडतो म्हटल्यावर
मागे बसली, पर्स मांडीवर घट्ट.
ऑटोमोटिव्ह चौक येईतो तिची मान कलली.
मास्तरांनी आरशात पाहिलं, मला पाहायला लावलं.
मी वहीत लिहिलं: प्रवासी झोपला.
"दोन ड्यूट्या करून आली थे," ते म्हणाले,
"बैलबंडीतबी झोपली असती."
मग मी पुढे लिहिलं: कारण अनिश्चित.

कामठीत तिच्या दारासमोर गाडी थांबली.
डिझेल किल्लीने थांबत नाही,
तार ओढून त्याचा घोट तोडावा लागतो,
आणि थांबताना ते एकदा सगळ्या अंगाने हादरतं.
तेवढं आम्हाला साधलेलं नव्हतं.

मास्तरांचा हात तारेवर गेला.
तसाच राहिला.
मग आम्ही दोघं दार न आपटता खाली उतरलो.
इंजिन जागच्या जागी चालत राहिलं,
चाळीस मिनिटं, आमच्या पैशाचं डिझेल जाळत.
समोरच्या टपरीवाल्याने स्टोव्ह पेटवला.
मास्तरांनी खिशातून नाणं काढलं,
बोनेटवर उभं केलं.
ते पडलं.
उचललं, आणि त्याचाच
एक कट चहा सांगितला, दोघांत.