झिरो एरर

कपाटाची किल्ली माझ्याकडं असते.
व्हर्नियर सहा, स्क्रू गेज चार, त्यातला एक जाम.
पोरं बावन्न.

सर म्हणतात, गट करा.
गट काय, आपोआप पडतात.
पुढं गलाईवाल्यांची पोरं,
बाप कोइमतूरला नाहीतर सिलीगुडीला सोनं गाळतात,
आणि क्लास रविवारी सांगलीला.
मग बाकीचे.
मग खिडकीपाशी जमना सोळंके,
जी दुसऱ्यांनी मोजलेले आकडे उतरवून घेते.

मायणी रस्त्याला पालं आहेत त्यांची.
माझी कुऱ्हाड तिच्या आईनंच शेवटली,
भाता जमना ओढत होती.
मला बघून तिनं मान वळवली होती.

परवा सरांनी विचारलं,
लोखंड तापत जातं तसा रंग का बदलतो?
पुढच्या बाकानं कुण्या जर्मन माणसाचा नियम सांगितला.
बरोबर होता.
खिडकीपाशी कुणीतरी हळू बोललं,
काळपट लाल असताना घण घातला तर तडकतं, सर.
केशरीला वाकतं.
पिवळ्याला सांधतं.
पांढरं होऊ दिलं
तर ठिणग्या होऊन आपलंच लोखंड उडून जातं.

कोण तरी फिसकन हसलं.
सरांचा खडू फळ्यावर थांबला, मग चालू झाला.
पेपरात असं लिहू नकोस, म्हणाले. काळजीनंच म्हणाले.

ऑफिसात तिचा शिष्यवृत्तीचा फॉर्म पडून आहे.
एकसष्ट साली आजा कुठं राहत होता, त्याचा कागद हवा.
आजा गाडीत राहत होता.
त्या साली गाडी कुठल्या शिवेला सोडली,
ते बैलांना विचारायला पाहिजे.

आज पाचला सगळे गेले.
ती स्टुलं उचलून ठेवत होती, तिला कुणी सांगितलं नव्हतं.
मी किल्ली फिरवायची राहू दिली.
स्क्रू गेज तिच्या हातात दिला.

रॅचेट टिकटिकलं.
दोन्ही तोंडं मिटवून तिनं तो उजेडाला धरला,
विळ्याची धार बघतात तसा, एक डोळा बारीक करून.

मामा, मधे काहीच नाही
तरी हे चार दाखवतंय.

आधीपासनंच तसं आहे ते, मी म्हटलं.
वीस वर्षं झाली.
तेवढं वजा करायचं असतं.

कुणी?

मोजणाऱ्यानं, म्हटलं मी,
आणि उगाच कपाटाकडं बघितलं.

मायणीची गाडी गेली असणार.
तिनं तार मधे धरली.
वहीचं कोरं पान काढलं.