नऊपर्यंत

कंपनीने कोच दिला तेव्हा
बायकोला वाटलं, क्रिकेटचा.
सातपूरचा प्लांट, तीनशे माणसं, माझी अठरा वर्षं
आणि एचआरच्या कागदावर एक ओळ:
'कुलथे साहेब ऐकून घेत नाहीत.'
खाली नाव नव्हतं. टाइप केलेली ओळ,
तरी मी प्रत्येकाच्या आवाजात वाचून पाहिली.
सगळ्यांच्या आवाजात बसली.

वृंदा खैरनार. कॉलेज रोड, दुसरा मजला,
खाली झेरॉक्सचं दुकान.
पहिल्या तासाला पन्नास मिनिटं मीच बोललो.
मग त्यांनी विचारलं,
"तुमच्या मीटिंगमध्ये, तुम्ही सोडून,
शेवटचं कोण बोललं होतं?"
मी खिडकीबाहेर पाहिलं.
खाली कुणीतरी एकाच कागदाच्या
चाळीस प्रती काढत होतं.

सल्ला दिला नाही. मागितला, तरी नाही.
गृहपाठ दिला:
प्रश्न विचारा, आणि नऊपर्यंत मोजा.
मनात. ओठ मिटून.

सोमवार. तिसऱ्या लाइनचं रिजेक्शन का वाढलंय?
एक. उत्तर माझ्या जिभेवर तयार.
दोन. तन्वीर पिंजारीने पेनचं टोपण काढलं, लावलं.
तीन, चार. या खोलीत पंखा वाजतो,
हे मला आज कळलं.
सहाला घाम फुटला.
सात,
"सर," देवराम गांगुर्डे. कायम दाराजवळची खुर्ची.
"रात्रपाळीला कूलंटमध्ये पाणी वाढवतात.
मार्चपासून."

ऑगस्ट चालू होता.
मग आधी का नाही बोललास, हे
ओठांपर्यंत आलं. गिळलं.
त्याचं उत्तर मोजायची गरज नव्हती.

मॅडमना फुशारकीने सांगितलं.
शाबासकी नाही. एवढंच:
"आणि पुढच्या सोमवारी?"

पुढच्या सोमवारी चारलाच फुटलो.
तन्वीरचं वाक्य अर्ध्यात तोडून
त्याला माझं शेपूट जोडलं, सवयीने.
त्याने टोपण लावलं.
तो खट् आवाज
त्र्यंबक रोडच्या सिग्नलपर्यंत माझ्यासोबत आला.

सकाळी त्याच्या मशीनपाशी गेलो.
"काल तुझं वाक्य राहिलं."
त्याने माझ्याकडे पाहिलं, मग गेजकडे.
मी उभा राहिलो. नऊ गेले.
अकरा. चौदा. पुढचे मोजले नाहीत.
चहाचा भोंगा झाला.
हात पुसत म्हणाला,
"उद्या सांगतो, सर."

बरं, म्हणालो.
आणि, खरं सांगतो,
पुढे काहीच बोललो नाही.